पानिपतची बाग आणि दांड्याचे बोंबील

माझा मुलगा जगदीश निवडणुकीला उभा राहणार, हे मला घरात कुणी सांगितलं नाही. नाक्यावरच्या बॅनरवरून कळलं. मला अक्षर येत नाही, पण खारदांड्यात बॅनर कळायला अक्षर कशाला लागतं? माणूस पांढऱ्या कपड्यात हात जोडून दात दाखवत असेल, तर तो उमेदवार. बाजूला केक असेल तर वाढदिवस. डोळे मिटलेले, पाठी काळोख आणि खाली दोन समया असतील तर तो गेला, संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन यायचं. एवढ्या तीन धड्यांवर माझं सगळं शिक्षण झालं आणि आजवर कधी अडलं नाही.

हे सगळं मी सांगतेय आणि माझी नात पूर्वा, म्हणजे जगदीशची मुलगी, टाइप करतेय. ती अंधेरीला ऑफिसात जाते आणि शनिवार-रविवार लोकांच्या लग्नांचे फोटो काढते. तिचंच म्हणणं की पानिपतला जाणाऱ्या मराठी माणसांना आपल्या ट्रिपचा उपयोग होईल. होऊ दे. आमचा झाला, पण जसा ठरवला होता तसा नाही.

आधी पानिपतच का, ते सांगते. जगदीशला तिकीट देणाऱ्या पक्षाच्या साहेबांनी वॉर्डात 'शौर्य उद्यान' करायचं ठरवलं होतं. मध्ये पानिपतसारखा स्तंभ, भोवती हिरवळ, एक तोफ आणि सेल्फी काढायला एक गोल. जागाही बघून ठेवली होती. आमची बोंबील वाळवायची.

आमच्या वस्तीच्या कडेला किनाऱ्यालगत बांबूंच्या वलांड्या उभ्या असतात. त्यांच्या दोरांवर दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते टांगायचे, खाली जमिनीवर जवळा पसरायचा. वस्तीतल्या निम्म्या बायकांची चूल त्या जागेवर पेटते. पण साहेब आले होते भर पावसात. तेव्हा होड्या बंद, बांबू उतरवलेले, सगळीकडे गवत. त्यांनी छत्रीतून पाहिलं आणि म्हणाले, रिकामी जागा आहे. जगदीश शेजारी उभा होता. त्याने मान हलवली.

मी त्याला तेव्हाच विचारलं, अरे, त्या जागेवरच्या बोंबलांनी तुझी फी भरली, मग ती रिकामी कशी? तो म्हणाला, आये, तिकीट मिळू दे, नगरसेवक झालो की तुम्हाला दुसरीकडे याच्याहून मोठी जागा देतो. मी म्हटलं, दुसरीकडे वारा पण देशील का? त्यावर त्याला फोन आला. त्याला अशा वेळी नेहमी फोन येतो.

तर साहेबांनी त्याला सांगितलं होतं, खुद्द पानिपतला जा, तिथल्या स्तंभाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून आण, म्हणजे आर्किटेक्टला देता येतील. आणि बॅनरसाठी आईबरोबर एक फोटो काढ. आईबरोबरचा फोटो चालतो म्हणे सध्या.

मी त्याला साधं विचारलं की निवडणूक जिंकायला निघालेला माणूस आपण हरलो त्या मैदानावर कशाला जातो? वसई इथे हाताच्या अंतरावर आहे, तिथे आपण जिंकलो होतो, भाडं पण वाचेल. तर म्हणतो, वसईच्या किल्ल्यात सगळे लग्नाआधीचे फोटो काढायला जातात, तिथे भावना येत नाही. मी म्हटलं चल बाबा, जिथे भावना येते तिथे चल. मला तर यायचंच होतं. माझ्या बोंबलांच्या छातीवर काय बसणार आहे, ते एकदा डोळ्यांनी पाहू दे की.

दिवस पहिला: गाडी आणि वास

जाणाऱ्यांसाठी सांगते, दिल्लीला उतरून धावपळ करायची गरज नाही. वांद्रे टर्मिनसवरून अमृतसरकडे जाणारी गाडी पानिपतला थांबते. दांड्यातून टर्मिनसला रिक्षा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पानिपत. एसीचं तिकीट काढा, पण चादर स्वतःची न्या. डिसेंबरात जात असाल तर स्वेटर एक नाही, दोन न्या. मुंबईचा माणूस थंडी म्हणजे काय ते फक्त बातम्यांत बघतो.

डब्यात मी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेतली होती. बोरिवली जाईपर्यंत दम काढला, मग डबा उघडला. समोरच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. जगदीश हळूच म्हणाला, आये, बंद कर, लोक बघतायत. म्हटलं, बघू दे, उमेदवार तू आहेस, चटणी नाही.

वरच्या बर्थवर पानिपतचेच एक व्यापारी होते. घाटकोपर, मुलुंडच्या दुकानांना चादरी आणि रजया पुरवतात. आम्ही कुठे चाललो ते कळल्यावर त्यांनी एकदम आवाज खाली आणला आणि मला विचारलं, "माताजी, उस लड़ाई में आपके कौन गए थे?"

जसा काही निकाल परवाच लागला. मी माझ्या हिंदीत सांगितलं, हमारा कोई नहीं गया, हम दर्या का लोग है, हमारा माणूस दर्या लेता है. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, महाराष्ट्रातून खूप लोक येतात, आधी रडतात, मग आमच्याकडून रजई घेऊन जातात. कार्ड पण दिलं. माणूस चांगला होता. माझी भाकरी चटणीसकट खाल्ली आणि समोरच्या बाईंना म्हणाला, एकदा खाऊन तर बघा. त्यांनी रुमाल हलवला नाही.

दिवस दुसरा: काहीच न दिसलेलं पानिपत

स्टेशनजवळ लॉज मिळाला. स्वच्छ, गरम पाणी बादलीने. पराठ्याबरोबर पांढऱ्या लोण्याचा एवढा गोळा देतात की आधी वाटलं चुकून ठेवला. शहरात पावलोपावली दोनच गोष्टी, लोणचं आणि रजई. लढाईचं नाव कुणी काढत नाही. ज्याच्या दारात झाली त्याला तिचं काय कौतुक? कौतुक लांबून येणाऱ्याला.

जिथे स्तंभ आहे ती जागा, काला अंब म्हणजे काळा आंबा, शहराबाहेर आहे. ई-रिक्षावाल्याने पाचशे सांगितले. मी भाव करायला पुढे झाले आणि तीनशेत, थांबून परत आणायच्या बोलीवर, बसलो. मासळी विकलेल्या बाईला या देशात कुठेही रिक्षा स्वस्त पडते.

पोचेपर्यंत दिवस कलला होता, आणि बघतो तर काय, धुकं. असं धुकं की मी पूर्वाचा हात धरला होता आणि तो पूर्वाचाच आहे की जगदीशचा, ते बांगडीवरून कळत होतं. फाटक दिसलं, तिकिटाची खिडकी दिसली, पुढे सगळं पांढरं. जगदीश त्या पांढऱ्यात फेटा बांधून उभा राहिला आणि म्हणाला, काढ. पूर्वा म्हणाली, बाबा, तुम्ही कुठे आहात? मग त्याने हात वर केला. ते सगळे फोटो अजून आहेत. त्यांत फक्त एक हात दिसतो. मी म्हटलं, हाच लाव बॅनरवर, तुमच्या पक्षाची खूण तरी कळेल.

थंडीने दात वाजायला लागले तसे परत आलो. जगदीश रात्री नीट जेवला नाही. साहेबांचे मेसेज येत होते, फोटो पाठव, फोटो पाठव. वॉर्डात आणखी कुणीतरी तिकिटाच्या मागे आहे म्हणे. मला त्या वेळी त्याची दया आली. लहानपणी शाळेचा निकाल असायचा तेव्हा असाच कोपऱ्यात बसायचा, पाय हलवत.

दिवस तिसरा: ऊन, अश्रू आणि गहू

फोटो काढायचे असतील तर दिवस कलल्यावर जाऊ नका, भर दुपारी जा, हे आमच्या अनुभवावरून सांगते. त्या दिवशी ऊन पडलं आणि बाग दिसली. नीट राखलेली आहे. हिरवळ, फुलांचे वाफे, बसायला बाकडी, मध्ये विटांचा उंच खांब आणि भोवती लोखंडी कठडा. जिथे आंब्याचं झाड होतं म्हणतात तिथे आता झाड नाही, खांबच आहे. बाकड्यांवर कॉलेजची जोडपी. त्यांनाही भावना आलेली होती, पण वेगळी.

आमच्याआधी ठाण्याची एक मंडळी येऊन उभी होती. सगळ्यांना भगवे फेटे. त्यातले एक काका खांबाला डोकं टेकून रडत होते. मला वाईट वाटलं, पाणी द्यायला पुढे गेले, तर ते उठून मोबाइलवाल्याला विचारतात, आलं का? तो म्हणाला, अश्रू नीट दिसला नाही, परत घेऊ. काका परत गेले आणि परत रडले. दुसऱ्यांदा बरं रडले. मग सगळ्यांनी कोपऱ्यातल्या एका झाडाला, तोच काळा आंबा समजून, मिठ्या मारून फोटो काढले. माळी लांबून सांगत होता की ते जांभळाचं आहे. कुणी मनावर घेतलं नाही.

पूर्वाने खांबाचे फोटो काढायला घेतले. चहूबाजूंनी, खालून, झोपून. जगदीश पावलं टाकून बागेची रुंदी मोजत होता आणि मनातल्या मनात आमच्या वलांड्या उपटत होता. मी बघत होते. मोजत तो अर्ध्यात थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

मी घरून नारळ नेला होता. आमच्यात दर्यात गेलेला माणूस परत आला नाही की किनाऱ्यावर जाऊन त्याच्या नावाने नारळ देतात, कारण जाळायला काही हातात येत नाही. इथे गेलेल्यांचंही तसंच झालं असणार. कुणाच्या आईला काय परत मिळालं? म्हणून मी चपला काढल्या, कठड्यापाशी नारळ ठेवला, डोळे मिटले आणि म्हटलं, बाबांनो, तुमच्या घरच्यांनी खूप वाट बघितली असेल.

तेवढ्यात जगदीश शेजारी येऊन हात जोडून उभा राहिला, पूर्वाने फोटो काढला, आणि तो म्हणाला, झकास, हाच. मी डोळे उघडले तोवर तो फोटो साहेबांकडे पोचलाही होता.

त्यांचं चाललं होतं तोवर मी फाटकाबाहेर आले. कुंपणाला लागूनच शेत होतं, हिरवंगार, आणि पदर पुढे ओढलेली एक बाई बांधावरचं गवत कापत होती. माझ्याच वयाची असेल. मी विचारलं, ये सब किसका? ती म्हणाली, आमचं. मी हाताने सगळीकडे दाखवून विचारलं, लढाई किधर तक हुआ था? तिने विळा फिरवला. हे शेत, ते शेत, पलीकडचा कारखाना, रस्ता, सगळीकडे. नांगराला पूर्वी तलवारी-भाल्यांचं लोखंड लागायचं, असं तिचे सासरे सांगायचे.

मी म्हटलं, "फिर पार्क इतनाच क्यूं?"

ती हसली. "पारक तै पेट भरै सै के, ताई?"

भाषा माझी नाही, पण पोट कळलं. एवढी माणसं जिथे पडली, तिथेही लोकांनी दगडाला लागते तेवढी जागा दिली आणि बाकीच्या रानात गहू लावला. मी तिला माझ्या पिशवीतल्या सुकटीची पुडी दिली. तिने हुंगली आणि परत दिली. सगळंच काही जुळत नाही.

परतीच्या रिक्षात मी हे जगदीशला सांगितलं. त्याला फोन आला.

जाता जाता एक रजई घेतली. त्या व्यापाऱ्याचं कार्ड दाखवल्यावर दुकानदाराने भाव कमी केला आणि माझ्यासमोर दोन मिनिटं गप्प उभा राहिला. बहुतेक श्रद्धांजलीचं सूटमध्येच धरत असावेत.

परत दांड्यात

गाडीने रात्री वांद्र्याला टाकलं. सकाळी उशिरा जाग आली ती रडण्याने. दारात बायकांचा मोठा आवाज, छाती बडवल्यासारखा. मला वाटलं, गेलं कुणीतरी. लगबगीने पदर डोक्यावर घेतला आणि दार उघडलं. समोर काशी. आमचं बाजारातलं बसणं शेजारी-शेजारी, वयही एकच. तिने मला पाहिलं, रडणं गिळलं, आणि म्हणाली, "मेली नाय गो तू?"

मी म्हटलं, अजून नाय, आत ये, चहा टाकते.

झालं होतं असं. साहेबांच्या माणसांनी आम्ही गाडीत असतानाच नाक्यावर बॅनर चढवला होता. छापणाऱ्याने पानिपतचा खांब भारदस्त दिसावा म्हणून मागचं आकाश काळं केलं. पुढे मी, डोळे मिटून, आणि शेजारी जगदीश हात जोडून. शौर्याचा विषय म्हणून खाली दोन ज्योती. जगदीशला त्याने फोनवर दाखवलं होतं, पण जगदीशने स्वतःचा चेहरा तेवढा मोठा करून पाहिला आणि पास केलं. अक्षरं म्हणे बरोबर होती, शौर्याला वंदन वगैरे. पण दांड्यात बॅनर कोण वाचतो? बघतात.

पहाटे मासळी आणायला निघालेल्या बायकांनी बघितला, टोपल्या खाली ठेवल्या आणि सुरू झाल्या. खारच्या बाजारातल्या आल्या. माहुलहून माझी नणंद रिक्षा करून आली, सगळ्या वाटेवर रडत, आणि मला बघून तिला भाड्याचा राग आला. आमच्या खोलीत एवढी माणसं मावेनात, म्हणून सगळ्या जाऊन वाळवणाच्या जागेवर बसल्या. बोंबील टांगलेले, खाली जवळा पसरलेला, आणि मध्ये माझं सुतक चहाबरोबर चाललेलं. मी पण तिथेच बसले, काशीच्या पाठीमागे. आपल्याबद्दल लोक एवढं चांगलं बोलतायत म्हटल्यावर उठवत नाही.

आणि मग साहेब आले. त्यांना कुणीतरी फोनवर बॅनरचा फोटो पाठवला होता आणि जगदीशची आई गेली, मोठी गर्दी जमलीय, असं कळवलं होतं. पांढऱ्या गाडीतून उतरले, हातात मोठं पुष्पचक्र. ते ठेवायचं कुठे ते सापडेना, म्हणून एका वलांडीला टेकवलं. जगदीश धावत आला, त्यांच्या कानात सांगायला बघत होता, पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. पोकळी, वटवृक्ष, सगळं झालं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, साहेबांना वाटलं हुंदके आहेत. मग ते म्हणाले, या माउलीची आठवण म्हणून याच रिकाम्या जागेवर होणाऱ्या शौर्य उद्यानाला आम्ही तिचंच नाव देणार आहोत.

हसू थांबलं. बोंबील तेवढे हलत होते वाऱ्याने.

मी उठले. साहेबांच्या चेहऱ्याचा फोटो पूर्वाने काढलाय, पण तो इथे लावत नाही, माणसाला घरदार असतं. मी म्हटलं, "साहेब, मी पानिपतला जाऊन आले. तिथे बाग केलीय, कारण तिथली लढाई संपली. आणि तिथल्या लोकांनी बागेला एवढीशी जागा दिली, बाकी गहू लावला. इथे आमचं अजून चाललंय. आमच्यावर एवढ्यात गवत लावू नका."

साहेबांनी जगदीशकडे पाहिलं. म्हणाले, काय जगदीशराव, तुम्ही तर म्हणाला होतात की जागा रिकामी आहे.

सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. त्यातल्या अर्ध्या जणींनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलेला. तिकीट त्याला खरंच हवं होतं, हे मला माहीत आहे. वडील गेल्यापासून त्याला एकदा कुणीतरी व्हायचं होतं. तो पाय हलवत उभा राहिला. त्याच्या खिशातला फोन वाजला. मी मनात म्हटलं, झालं, गेला हा.

त्याने फोन बाहेर काढला, बंद केला आणि परत खिशात ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "जागा रिकामी नाही."

साहेब पुष्पचक्र तिथेच ठेवून गेले. तिकीट आठवड्यात दुसऱ्याला गेलं. उद्यान कुठे हलवतायत ते अजून कळलं नाही. शोधतायत म्हणे रिकामी जागा, पण पावसाळ्याला वेळ आहे. जगदीश काही दिवस तोंड पाडून फिरला. मला म्हणाला, आये, निवडणुकीआधीच पानिपत झालं माझं. मी म्हटलं, पानिपत झालं तर झालं, जेवायला घरी आलास ना? तिथल्यांना तेवढंही मिळालं नाही. आता तो सकाळी होडीवरून आलेला माल उतरवायला येतो. अधूनमधून भाषण करतो, पण बोंबलांपुढे, त्यांचे जबडे आधीच अडकवलेले असतात.

तुम्हाला जायचं असेल तर नक्की जा. ऊन बघून जा, रजईचा भाव करा, आणि खांब बघून झाला की कुंपणाबाहेर येऊन शेतही बघा. नारळ इथूनच न्या, तिकडे लहान मिळतो. माझ्यापाशी काय राहिलं म्हणाल, तर ती विळा फिरवणारी बाई राहिली. आणि रजई राहिली, ती मुंबईत कधी लागणार नाही.

आणि बॅनर राहिला. जगदीशने तो स्वतः नाक्यावरून उतरवला आणि गुंडाळून माळ्यावर टाकायला निघाला होता. मी नको म्हटलं. चांगलं जाड कापड आहे, पाणी धरत नाही, वाळू लागत नाही. आता रोज सकाळी मी आणि काशी तो वलांड्यांखाली अंथरतो आणि त्याच्यावर जवळा पसरतो. काशी बरोबर माझ्या तोंडापासून सुरुवात करते. दुपारपर्यंत पानिपत सगळं झाकून जातं आणि जवळा कडकडीत वाळतो.